साथीच्या काळात गरोदरपण आणि टेस्ट ट्यूबचे उपचार: काय थांबवायचं, काय नाही

साथ आली की दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली म्हणजे घाबरून सगळंच बंद करणं. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी राहते, रक्त तपासलं जात नाही, बीपी कुणी बघत नाही, आणि नववा लागल्यावर कळतं की हिमोग्लोबिन सहा आहे. दुसरी उलटी: उपचार अर्ध्यावर आलाय, पैसे भरलेत, म्हणून अंगातला ताप लपवून इंजेक्शनला जाणं. वंध्यत्व केंद्रात समुपदेशनाच्या टेबलावर बसून दोन्ही पाहिल्या. माझ्या मते पहिली जास्त महागात पडते, कारण तिचा हिशेब उशिरा समोर येतो.

खालचा क्रम कोविडच्या अनुभवावर बेतलेला आहे. विषाणू बदलला की लस आणि औषधं बदलतात, कामांचा क्रम फारसा बदलत नाही. औषधाचा डोस मात्र इथे वाचून ठरवू नका, तो तुमच्या डॉक्टरांचाच.

## १. आधी ठरवा: तुम्हाला थांबता येतं का?

मार्च २०२० मध्ये युरोप-अमेरिकेतल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनांनी नवीन सायकल (टेस्ट ट्यूबच्या उपचाराची एक फेरी) सुरू करू नका, असं सांगितलं. एप्रिलच्या शेवटी त्यांनीच काळजी घेऊन हळूहळू सुरू करा, असा सल्ला दिला. पण गावाकडे पहिलीच बातमी राहिली, आणि चाळिशीला टेकलेल्या जोडप्यांनीही वर्ष-दीड वर्ष घालवलं.

ज्यांनी थांबू नये: बाईचं वय ३५ च्या पुढे असेल, एएमएच (बीजांडं किती शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी) कमी असेल, एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) अंडाशयाचं ऑपरेशन झालं असेल. कॅन्सरवर केमो सुरू होणार असेल तर बीजांडं किंवा वीर्य गोठवणं त्याआधीच व्हायला हवं. तिथे महिन्यांचा नाही, दिवसांचा प्रश्न असतो.

ज्यांना थांबता येतं: तिशीच्या आतलं वय, लग्नाला वर्ष झालेलं नाही, किंवा पीसीओडीसाठी नुसत्या गोळ्या चालू आहेत. गर्भ आधीच फ्रीझ करून ठेवले असतील तर काही महिने थांबल्याने त्यांचं नुकसान होत नाही. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ते जसेच्या तसे राहतात.

ज्यांनी थांबलंच पाहिजे: साखर, बीपी किंवा थायरॉइड ताब्यात नाही, किंवा नुकताच आजार होऊन गेलाय आणि जिना चढताना अजून धाप लागते. आधी ते नीट करा.

तपासा: तुमच्या जिल्ह्यात आज अतिदक्षता विभागात खाट मिळते का? उपचारात गुंतागुंत झाली तर दाखल व्हावं लागतं. खाटाच नसतील तर लाट ओसरेपर्यंत नवीन सायकल सुरू करू नका, वय काहीही असो (केमोआधीचं गोठवणं असेल तर मात्र ते डॉक्टरांनी ठरवायचं). चार-सहा आठवड्यांनी बीजांडं संपत नाहीत.

दिवस राहिलेच असतील तर हा टप्पा तुमच्यासाठी नाही. गरोदरपणातल्या तपासण्या पुढे ढकलता येत नाहीत.

## २. फाइल, दोन दवाखाने आणि रस्ता

हे काम ताप येण्याआधीचं. एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नवरा-बायकोचा रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, एचआयव्ही आणि काविळीचे रिपोर्ट, आधीच्या सोनोग्राफ्या, माता-बाल संरक्षण कार्ड, दोघांची आधार कार्डं, बँक पासबुक, लसीचं प्रमाणपत्र आणि उपचाराचा कागद ठेवा. प्रत्येक कागदाचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये हवा. फाइल सासूबाईंच्या कपाटात आणि सून माहेरी, हा प्रकार नेहमीचा आहे.

मग दवाखाने दोन ठरवा, एक नाही. लाटेत एखादा दवाखाना रातोरात फक्त साथीच्या पेशंटसाठी राखीव होतो, किंवा तिथलेच कर्मचारी आजारी पडून बंद होतो. दुसऱ्या दवाखान्यात आधीच फोन करून तीन प्रश्न विचारा: पेशंट पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपण करता का, रात्री भूलतज्ज्ञ येतात का, आणि रक्त कुठून आणता. तिसऱ्याला उत्तर देताना समोरचा अडखळला तर तो दवाखाना यादीतून काढा.

रस्त्याचा विचार सीमेवरच्या तालुक्यांनी जास्त करायचा. आष्टीच्या माणसाला बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ, परांड्याच्या माणसाला बार्शी जवळ, किनवटहून आदिलाबाद जवळ. एरवी ते सोयीचं असतं. पण जिल्हाबंदी लागली की जवळचा दवाखानाच पलीकडचा होतो. म्हणून दोनपैकी एक दवाखाना आपल्याच जिल्ह्यातला ठेवा: संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेज, जिल्हा स्त्री रुग्णालय, जे जवळ असेल ते.

गाडीसाठी १०२ ही गरोदर बाईला दवाखान्यात नेण्या-आणण्याची मोफत सोय आहे, तातडीच्या वेळी १०८. दोन्ही असले तरी गावातल्या एका जीपवाल्याशी बोलून ठेवा. लाटेत रुग्णवाहिकेची वाट बघत बसावं लागतं.

## ३. सायकल सुरू करण्याआधीची कामं

लस. कोविडची लस घेतली की मूल होत नाही, ही अफवा अजून ऐकू येते. लसीने बाईच्या किंवा पुरुषाच्या प्रजननक्षमतेला धक्का बसत नाही. पाळी एखाद्या वेळी थोडी पुढे-मागे होते आणि पुन्हा लायनीवर येते. आपल्याकडे स्तनपान करणाऱ्या आयांना मे २०२१ मध्ये आणि गरोदर बायांना २ जुलै २०२१ ला लसीची परवानगी मिळाली. लस आधीच घेऊन टाका. फक्त बीजांडं काढण्याच्या किंवा गर्भ पिशवीत सोडण्याच्या अलीकडे-पलीकडे तीनेक दिवस घेऊ नका. लसीचा ताप आणि जंतुसंसर्गाचा ताप वेगळा ओळखता येत नाही.

नवऱ्याचा ताप. हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे आज आलेल्या जोराच्या तापाचा परिणाम पुढचे तीन महिने वीर्याच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. ताप येऊन गेल्यावर महिन्याभरात तपासणी केली, रिपोर्ट खराब आला, आणि ‘दोष नवऱ्यात आहे’ म्हणून घरात महाभारत झालं, असं होऊ देऊ नका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

नवऱ्याची औषधं. कोविडमध्ये सर्रास दिलेलं फॅविपिरावीर गर्भाला घातक आहे, वीर्यातही उतरतं. मोलनुपिरावीर घेतलेल्या पुरुषाने शेवटच्या गोळीनंतर किमान तीन महिने गर्भधारणा टाळायची असते. म्हणून घरात कुणी कुठली गोळी घेतली, त्याची चिठ्ठी केंद्रात दाखवा.

वीर्य आधीच गोठवा. मराठवाड्यातली बरीच तरुण पोरं चाकणला, वाळूजला, पुण्याला. ज्या दिवशी बीजांडं काढायची त्याच दिवशी नवरा पॉझिटिव्ह निघाला किंवा कंपनीने सोडलं नाही, तर सगळी मेहनत पाण्यात. इंजेक्शनं सुरू होण्याआधी एक नमुना गोठवून ठेवा.

नमुना घरून न्यायचा असेल तर केंद्राने दिलेल्याच डबीत घ्या, कंडोममधून किंवा तेल-क्रीम लावून नको. शर्टाच्या आतल्या बाजूला अंगाच्या उबेत धरा आणि तासाभरात पोचवा. गाव तासाच्या पलीकडे असेल तर घरून आणूच नका. एसटीत मांडीवर धरून आणलेली डबी जूनमध्येही वाया जाते आणि डिसेंबरमध्येही.

केंद्राला विचारा: मधेच पॉझिटिव्ह आले तर सायकलचं काय, पैशांचं काय, आणि ते कुठे लिहून देणार? कृत्रिम गर्भधारणेच्या केंद्रांसाठी असलेल्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे केंद्राची नोंदणी झालेली आहे का? तोंडी उत्तरावर समाधान मानू नका.

खबरदारी: प्रत्येक विषाणूचा नियम वेगळा. झिका शरीरसंबंधातून पसरतो आणि बाळाच्या मेंदूला इजा करतो. तिथे लागण किंवा संपर्क झाल्यावर बाईने दोन महिने आणि पुरुषाने तीन महिने गर्भधारणेसाठी थांबायचं असतं. महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला २०२१ मध्ये झिकाचा रुग्ण सापडला होता. त्यामुळे ही गोष्ट दूरदेशीची समजू नका.

## ४. इंजेक्शनांचे दहा-बारा दिवस

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबून वाचा.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी होते आणि इंजेक्शनं सुरू होतात. एरवी लोक रोज केंद्रात जातात. साथीत ते टाळायचं आणि घरी किंवा गावातल्या सिस्टरकडून घ्यायचं. त्यासाठी पहिलं इंजेक्शन केंद्रातच, सिस्टरसमोर, स्वतःच्या हाताने टोचून बघा. बेंबीच्या खाली, दोन बोटं बाजूला, रोज जागा बदलून. इंजेक्शनचं पेन असेल तर डोसाचा आकडा फिरवून मोठ्याने वाचा, आणि घरातल्या दुसऱ्याने तो चिठ्ठीवरच्या आकड्याशी ताडून बघायचा.

साठवण. बरीचशी इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. काही खोलीच्या तापमानाला चालतात असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण तिथे खोली म्हणजे साधारण २५ अंश. परभणीत मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा चाळिशीच्या पुढे असतो. त्या खोलीसाठी ते वाक्य लिहिलेलं नाही. फ्रिजमध्येही जागा बघून ठेवा. दारात ठेवलं तर दार उघडताना प्रत्येक वेळी गरम हवा लागते. बर्फाच्या कप्प्याला चिकटवलं तर गोठतं, आणि गोठलेलं इंजेक्शन वितळल्यावर दिसायला अगदी नवं दिसतं पण निकामी झालेलं असू शकतं. मधल्या फळीवर, डब्यात, मागच्या भिंतीपासून लांब ठेवा. लाइट गेली तर फ्रिज उघडू नका. दोन-तीन तासांहून जास्त गेली तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये फडक्यात गुंडाळलेला आइस पॅक टाका, वर इंजेक्शन. बर्फ उघडा लागता कामा नये.

ट्रिगर. बीजांडं पिकवणाऱ्या शेवटच्या या इंजेक्शनची वेळ मिनिटाला महत्त्वाची असते, कारण त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजांडं काढायची ठरलेली असतात. रात्री साडेदहा सांगितलं तर साडेदहाच. टोचलं की लगेच केंद्राला मेसेज टाका. उशीर झालाच असेल तर खरी वेळ कळवा. ते पिकअपची (बीजांडं काढण्याची) वेळ सरकवू शकतात, पण त्यांना माहीत असेल तरच.

या दिवसांत ताप आला तर लपवू नका. ट्रिगरच्या आधी कळलं तर सायकल तिथेच थांबवता येते. नुकसान होतं ते पैशांचं. ट्रिगर झाल्यावर मात्र गोष्ट सोपी राहत नाही. अंडाशय फुगलेले असतात, आणि काढायचं की नाही, कुठे, कोणत्या तयारीने, हे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतात. लपवून टेबलावर गेलात तर भूल देताना फुप्फुसाला धोका होतो, तुमच्याच.

खबरदारी: धाप नेहमी विषाणूचीच नसते. इंजेक्शनांनी अंडाशय प्रमाणाबाहेर फुगले तर पोटात पाणी होतं. पोट ताणतं, उलट्या होतात, लघवी कमी होते, दिवसाला किलोभर वजन वाढतं, दम लागतो. साथीच्या काळात घरातले ‘कोरोनाच असेल’ म्हणून खोलीत वेगळं ठेवतात आणि दोन दिवस जातात. यात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, संसर्ग असेल तर तो आणखी वाढतो. पोट आणि दम दोन्ही एकदम आले तर आधी केंद्राला फोन, मग बाकी.

## ५. गर्भ लगेच सोडायचा की फ्रीझ करायचा

साथ जोरात असेल तर बहुतेक वेळा सगळे गर्भ फ्रीझ करून ठेवणं शहाणपणाचं. अंडाशय फुगण्याचा धोकाही त्याने कमी होतो, आणि लाट ओसरल्यावर सावकाश सोडता येतात. ‘ताजा गर्भच टिकतो’ असं शेजारीण सांगेल. तिचं ऐकू नका.

सोडायचं ठरलं आणि त्या आठवड्यात कुणीही एक पॉझिटिव्ह आलं तर पुढे ढकला. गर्भ कुठे जात नाहीत.

गर्भ सोडल्यावर होणारी नेहमीची चूक म्हणजे ताप आला म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, जेल किंवा इंजेक्शन स्वतःहून बंद करणं. त्याच्यावरच गर्भ तगलेला असतो. डॉक्टर सांगेपर्यंत बंद करायचं नाही. आणि घरी लघवीची पट्टी टाकून आधीच बघू नका. ट्रिगरमध्ये एचसीजी (पट्टी जे गरोदरपणाचं संप्रेरक शोधते तेच) असेल तर त्याचाच अंश दहा-बारा दिवस राहतो आणि पट्टी खोटी आशा दाखवते. केंद्राने दिलेल्या तारखेला रक्त तपासा. हे जवळच्या लॅबमध्ये होतं, संभाजीनगर-पुण्याला जायची गरज नाही.

## ६. रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर: फोनवर न भागणाऱ्या गोष्टी

ई-संजीवनी (सरकारची ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा) किंवा व्हिडिओ कॉलवर मळमळ, अ‍ॅसिडिटी, गोळ्या बदलणं, रिपोर्ट दाखवणं हे सगळं भागतं. खालच्या गोष्टी भागत नाहीत. लॉकडाऊन असो की लाट, यांच्यासाठी बाहेर पडायचं.

- सहा-सात आठवड्यांची पहिली सोनोग्राफी. गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे कुठल्याही फोनवर कळत नाही. टेस्ट ट्यूबमध्येही गर्भ नळीत राहू शकतो. एका बाजूला कळ, खांद्यात दुखणं, चक्कर, रक्तस्राव यांपैकी काहीही झालं तर तारखेची वाट न बघता थेट दवाखाना.
- ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी. हिच्याबरोबरच पहिल्या रक्त तपासण्या उरका.
- १८ ते २० आठवड्यांची, व्यंग बघण्याची सोनोग्राफी. ही सगळ्यात जास्त चुकते. चोविसाव्या आठवड्यात गंभीर दोष कळला तर पुढचे कायदेशीर पर्याय अवघड होतात: वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, चोवीसपर्यंत ठरावीक कारणांसाठीच आणि दोन डॉक्टरांचं, त्यानंतर वैद्यकीय मंडळ.
- २४ ते २८ आठवड्यांत साखरेची चाचणी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त. आकडा १४० किंवा पुढे असेल तर गरोदरपणातला मधुमेह. दोन तास गर्दीत बसायचं नसेल तर ग्लुकोज पिऊन बाहेर गाडीत बसा, पण घरी जाऊन परत येऊ नका. चालण्याने आकडा बदलतो.
- रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याला अँटी-डीचं इंजेक्शन. मधे कधीही रक्त गेलं तर ७२ तासांच्या आत विचारा.

बीपी महिन्यातून एकदा तरी बघितलं गेलंच पाहिजे, सातव्यानंतर जास्त वेळा. उपकेंद्रावर सिस्टर बघतात, आशाताईंना सांगून वेळ ठरवा, रांगेत उभं राहावं लागणार नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी गर्दी होते. सकाळी लवकर जा किंवा आधी विचारून दुसरा दिवस घ्या. १४०/९० च्या वर बीपी, डोकं ठणकणं, डोळ्यापुढे अंधारी, तोंडावर सूज यांना कुठल्याही साथीत घरी थांबायची परवानगी नाही.

गोळ्यांची चूक: लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेतली की लोह अंगी लागत नाही. मधे किमान दोन तास ठेवा. लोह चहाबरोबरही नको. लाटेत उपकेंद्र बंद पडलं तरी अडू नये म्हणून दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागून घ्या.

## ७. ताप आला तर

क्रम असा:

पहिला तास. तापमापी लावा. ‘अंग गरम लागतंय’ हा आकडा नाही. १००.४ च्या वर असेल तर डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेल्या डोसात पॅरासिटामॉल. पहिल्या तीन महिन्यांत ताप अंगावर काढणं बाळालाच बाधतं, ‘गोळी नको’ म्हणून सोसू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ‘अंगदुखीची लाल गोळी’ घ्यायची नाही. डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्राव वाढतो, आणि अर्ध्या गरोदरपणानंतर बाळाच्या किडनीवर परिणाम होतो.

पहिला दिवस. चाचणी त्याच दिवशी. अँटिजेन निगेटिव्ह आली आणि लक्षणं आहेत, तर आरटी-पीसीआर करा. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाचं रक्तही सोबत. लातूर-धाराशिवला पाण्याच्या टाक्या भरून ठेवायची सवय आहे, डेंग्यूचे डास तिथेच होतात. सगळा ताप साथीच्या नावावर टाकू नका. स्वाइन फ्लूची साथ असेल तर ओसेल्टामिवीर हे फ्लूचं औषध गरोदरपणातही देतात आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. तिथे रिपोर्टची वाट बघत दिवस घालवायचे नसतात.

ऑक्सिजन कसा मोजायचा. पाच मिनिटं शांत बसा. हात गार असेल तर चोळून गरम करा. बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आणि डोहाळजेवणाची मेंदी तर कोपरापर्यंत असते. म्हणून एका हाताचं मधलं बोट कोरं ठेवायला आधीच सांगा. यंत्र लावून अर्धा मिनिट थांबा. सुरुवातीला आकडे उड्या मारतात, स्थिर झालेला लिहा. दिवसातून तीन-चार वेळा मोजा आणि वहीत वेळेसकट टिपा. गरोदर बाईला ९५ च्या खाली चालत नाही. इतरांना ९४-९३ ला ‘बघू’ म्हणतात, तुम्ही बघत बसू नका. ते सहा मिनिटं चालून मोजायचं सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

लगेच दाखल व्हायचं: ऑक्सिजन ९५ च्या खाली, बोलताना धाप, छातीत दुखणं, तीन दिवसांनंतरही न उतरणारा ताप, एका पायाला सूज आणि दुखणं, लघवी कमी, रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी. हालचालीसाठी जेवून डाव्या कुशीवर झोपा आणि हात पोटावर ठेवा. दोन तासांत दहा वेळा हललं नाही तर निघा. सकाळपर्यंत थांबू नका.

खबरदारी: मेडिकलवरचा कोर्स. दुकानातून मिळणाऱ्या पाच गोळ्यांच्या पुडीत स्टेरॉइड असतं, कधी फॅविपिरावीरही. गरोदर बाईच्या अंगात स्टेरॉइडने साखर वाढते. ऑक्सिजन कमी झालेल्या पेशंटला डॉक्टर स्टेरॉइड देतात ते वेगळं आणि पहिल्या दिवशी पुडीतून घेतलेलं वेगळं.

छातीच्या एक्स-रे किंवा सीटी स्कॅनला डॉक्टरांनी सांगितलं तर नाही म्हणू नका. पोट झाकून केलेल्या तपासणीत बाळाला पोचणारा किरणांचा डोस फार थोडा असतो. पण खात्री करून घ्यावी म्हणून स्वतःहून सीटी करायलाही जाऊ नका.

घरीच राहायचं असेल तर पाणी, ताक, पेज भरपूर. दिवसभर पडून राहायचं नाही. गरोदरपण आणि विषाणू दोन्ही रक्त घट्ट करतात, म्हणून खोलीतल्या खोलीत दर दोन तासांनी चालायचं. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं लागतील का, हे डॉक्टरांना विचारा.

## ८. बाळंतपणाची जागा: माहेर, सासर की कारखाना

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज साथीत सगळ्यात आधी अडतो. मुलगी माहेरी पोचते नववा लागल्यावर, तिथला डॉक्टर तिला पहिल्यांदा बघतो, आणि गावात लाट. माहेरीच करायचं असेल तर ३२ व्या आठवड्याच्या सुमारास जा. त्याच आठवड्यात तिथल्या दवाखान्यात दाखवा आणि आशाताईंकडे नाव नोंदवा. ते जमणार नसेल तर सासरीच करा आणि आईला बोलवा. डोहाळजेवण घरच्या पाच माणसांत उरकलं तरी ओटी भरली जाते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी वेगळी तयारी. दिवाळीच्या आगे-मागे कोयता निघतो तेव्हा बाई तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असेल तर बाळंतपण फडातच येऊ शकतं, हे मुकादमाला नाही, घरातल्याच माणसांना समजावं लागतं. एप्रिल २०२० मध्ये हजारो मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर अडकले होते. म्हणून निघताना माता-बाल कार्ड सोबत घ्या. ते गावातल्या ताईंकडे ठेवायचं नसतं. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या पुरेशा घ्या, आणि पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या उपकेंद्रात नोंद करा. कार्डावरचा नोंदणी क्रमांक तोच चालतो. सातवा लागल्यावर मोळी उचलायची नाही, आणि शक्य असेल तर त्या हंगामात जायचंच नाही.

तपासा, ३६ व्या आठवड्याला: रक्त देणारी दोन माणसं ठरली का, ती निरोगी आहेत का, सोबत कोण थांबणार (एकच, वय साठच्या आत, लस घेतलेलं), पिशवी भरली का, दुसऱ्या दवाखान्याचा फोन अजून चालू आहे का.

## ९. बाळंतपणाच्या वेळी आणि नंतर

नुसता पॉझिटिव्ह रिपोर्ट हे सिझेरियनचं कारण नाही. कारण विचारा. आईचा श्वास, बाळाचे ठोके, अडलेली वेणा यांपैकी काही सांगितलं तर ते ऐका. ‘पॉझिटिव्ह आहे म्हणून’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

बाळाला आईपासून तोडू नका. कोविडमध्ये दुधातून लागण होत नाही. मास्क लावायचा, हात साबणाने धुवायचे आणि पाजायचं. पाजून झाल्यावर बाळाचा पाळणा दोन हात लांब. बाळाच्या तोंडावर मास्क कधीही लावायचा नाही. आई फारच आजारी असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने पाजा, वरचं दूध नको. पहिल्या तासातला चीक गेला की परत येत नाही.

लवकर घरी न्यायची घाई असते. साध्या बाळंतपणालाही ४८ तास दवाखान्यात थांबा, कारण रक्तस्राव आणि बीपीचे झटके बहुधा याच दोन दिवसांत येतात. निघण्याआधी बाळाची बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि चोवीस तासांतली काविळीची लस झाल्याची नोंद कार्डावर बघून घ्या. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत.

बाळंतिणीच्या खोलीत भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. वाईटपणा सासऱ्यांनी घ्यावा, सुनेवर ढकलू नये. आणि खोलीत एकटी पडलेली बाई सारखी रडत असेल, झोप नाही, बाळाला घ्यायला नको म्हणत असेल, तर ‘बाळंतपणात असं होतंच’ म्हणून पंधरा दिवस सोडू नका, डॉक्टरांना सांगा.

टेस्ट ट्यूबचे गर्भ शिल्लक असतील तर एक काम उरतं. साठवणुकीचे पैसे वर्षाला भरायचे असतात, आणि केंद्राकडे लिहिलेला मोबाइल नंबर बहुधा जुना असतो. लाटेत कार्यालय बंद राहिलं, नूतनीकरणाचा फोन जुन्या नंबरवर गेला, कुणी उचलला नाही, असं होतं. बाळ तीन महिन्यांचं झालं की केंद्रात फोन करून नंबर आणि पत्ता बदला, पुढच्या मुदतीची तारीख लिहून घ्या, आणि पैसे भरल्याची पावती त्याच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये टाका. कायद्याने जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात.